हात जोडले की दचकायला व्हायचं

“मॅडम, प्रार्थनेला बसते, पण एक शब्द फुटत नाही. माझा विश्वास उडाला का हो?”

मोठ्या दुर्घटनेतून वाचलेल्या ख्रिस्ती माणसांकडून हा प्रश्न समुपदेशन करताना मी बऱ्याचदा ऐकला आहे. इथे एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

एका सोहळ्यात चेंगराचेंगरी झाली. शेजारच्या अनोळखी बाईने हिचा डावा हात घट्ट धरला होता. ही बाहेर पडली, ती नाही. पुढच्याच रविवारी चर्चच्या मंडळीतले लोक हिला जवळ घेऊन म्हणाले, “देवाने तुला वाचवलं, साक्ष दे.” साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. म्हणणाऱ्यांची माया खरी होती. पण हिच्या डोक्यात भुंगा लागला, मग तिला का नाही वाचवलं?

माझं इथेच चुकलं. हा श्रद्धेचा प्रश्न, आपला प्रांत नव्हे, असं धरून पहिल्या भेटीत मी “चर्चच्या पाळकांशी बोला” म्हणाले आणि मोकळी झाले. दुसऱ्या भेटीत सहज विचारलं, “प्रार्थनेला बसता म्हणजे नेमकं काय करता? दाखवाल?” तिने डोळे मिटले, बोटांत बोटं गुंफली आणि क्षणात हात असे झटकले, जणू चटका बसला. मग डावं मनगट चोळत बसली. बोटांची पकड बसली की तीच पकड आठवत होती. देवाशी बोलणं तुटलं असं तिला वाटत होतं, पण घोडं अडलं होतं मनगटाशी.

मग ठरवलं, हात जोडायचेच नाहीत. तळवे उघडे मांडीवर, डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले, श्वास सावकाश सोडायचा. “पण ही प्रार्थना धरतात का?” तिला शंका. पुढच्या वेळी तीच बायबल घेऊन आली आणि १४३वं स्तोत्र दाखवलं. त्यात स्तोत्रकर्ता देवापुढे हात पसरतो.

शब्दांचं कोडं त्या मानाने लवकर सुटलं. प्रार्थना म्हणजे आभार, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. मी ख्रिस्ती नाही, पण कामाच्या निमित्ताने स्तोत्रं वाचली आहेत. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत देवाला “कोठवर?” असं चार वेळा विचारलं आहे. ८८वं तर अंधारातच संपतं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेली “तू माझा त्याग का केलास?” ही हाक २२व्या स्तोत्राची सुरुवात आहे. मी तिला म्हटलं, “इतकी तक्रार ग्रंथातच आहे, तुमची एक जास्त झाली तर काय बिघडलं?” ती पहिल्यांदा हसली, मग बराच वेळ रडली.

तिचे पाळक समंजस निघाले. त्यांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातला शिलोहाचा बुरूज काढला. तो कोसळून अठरा जण मेले. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं विचारून येशूच नाही म्हणतो. “म्हणजे वाचलेलेही काही जास्त लायक नसतात,” ती मला म्हणाली. हे तिचं तिनेच काढलं.

संकटात प्रार्थनेकडे वळणं साहजिकच आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर तीन ते पाच दिवसांत अमेरिकेत ५६० प्रौढांची पाहणी झाली, त्यात ९० टक्के लोक प्रार्थना, धर्म किंवा आध्यात्मिक भावनेकडे वळल्याचं दिसलं. पण प्रार्थनेतही फरक असतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी तो नीट मांडला आहे. देव सोबत आहे हा भाव सावरतो, तर ही देवाने दिलेली शिक्षा आहे, हा भाव बऱ्याचदा त्रास वाढवतो. म्हणून धीर द्यायला जाणाऱ्यांनी देवाच्या वतीने कारणं सांगू नयेत. गप्प शेजारी बसलं तरी पुष्कळ. बायबलमधल्या संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते.

नुसत्या प्रार्थनेवर मात्र मी हिला सोडलं नाही. महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, झोप उडणं, गर्दी टाळणं चालू होतं, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि आघातावरचे उपचार सुरू झाले. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर महिना कसला, त्याच दिवशी जावं.

साक्ष तिने अजून दिलेली नाही. उपासनेला मागच्या बाकावर बसते, तळवे उघडे ठेवून. आताशा शेवटी त्या अनोळखी बाईसाठी दोन शब्द बोलते. नाव ठाऊक नाही, म्हणून “ती” एवढंच म्हणते.