सेफ्टीवाल्याला कोण विचारतो?

जळगावात करिअर समुपदेशन करताना रसायनशास्त्राच्या पदवीधरांकडून एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. औद्योगिक सुरक्षेची पदविका करून धोकादायक रसायनांचे प्रशिक्षण देण्याचे किंवा कारखान्यांना आरोग्य-पर्यावरणाविषयी सल्ला देण्याचे काम धरले, तर त्यावर घर चालेल का? या प्रश्नाचे सरळ होय किंवा नाही असे उत्तर मी देत नाही. त्याचे कारण माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या हकिकतीत आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

हा तरुण अमळनेर तालुक्यातला, तेहतीस वर्षांचा. बी.एस्सी. झाल्यावर खानदेशातील अनेक मुलांप्रमाणे तो सुरतेकडे जाणाऱ्या ताप्ती लाइन या रेल्वेमार्गाच्या गाडीत बसून गुजरातेत गेला आणि एका रसायन कारखान्यात नऊ वर्षे राहिला. त्यातली शेवटची चार वर्षे तो शिफ्ट इन्चार्ज होता. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “मॅडम, सेफ्टीचा कोर्स करू म्हणतो, पण सगळे म्हणतात, कंपनीत सेफ्टीवाल्याला कोण विचारतो? आणि कन्सल्टंट म्हणजे तर कागद विकणारा.” घरी पत्नीची काळजी निराळी होती. नऊ वर्षे विषात काढली, आता पुढचे आयुष्यही त्यातच घालवायचे का, असे ती विचारत होती.

पत्नीच्या शंकेचे उत्तर तुलनेने सोपे होते. रसायनांची प्रक्रिया होते त्या रिॲक्टरपाशी रोज आठ तास उभा राहणारा चालक आणि पाहणीसाठी किंवा वर्ग घेण्यासाठी येणारा प्रशिक्षक यांच्या शरीरात जाणारी रसायनांची मात्रा सारखी नसते. तरीही पाहणीचे काम अगदी निर्धोक नाही, हे मी तिच्यासमोर स्पष्ट सांगितले आणि नियमित वैद्यकीय तपासणी हा या व्यवसायाचा भागच समजावा, असेही सुचवले.

पात्रतेचा भाग तर कागदावरच स्पष्ट होता. सुरक्षा अधिकारी होण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीधराला दोन वर्षांचा आणि रसायन किंवा भौतिकशास्त्राच्या पदवीधराला पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्याबरोबर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका हवी. ती मुंबईत सायन येथील केंद्रीय श्रम संस्थेत करता येते, तसेच राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेने चालणाऱ्या संस्थांतही. याच नियमांत आणखी एक अट आहे, जी इच्छुक मंडळी भराभर वाचून सोडून देतात: त्या भागातील बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात तिचे पुरेसे ज्ञान. या अटीकडे मी त्याचे लक्ष वेधले, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

कारण पुढच्या भेटीत कळले. कारखान्यात एका रात्रपाळीत सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला एक हेल्पर बेशुद्ध पडला. त्याला काढायला दुसरा धावला, तोही श्वसनसाधन न लावता, आणि तो वाचला नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड होता. या वायूचा कुजक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात लगेच जाणवतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि माणसाला वाटते, गॅस निघून गेला. हे सारे त्या कामगारांना शिकवले होते, पण ते इंग्रजी स्लाइड आणि हिंदी भाषणातून. त्यांतले निम्मे खानदेशचे होते, काहींना वाचताही येत नव्हते. प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर मात्र सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे होते. “ते मीच घेतले होते, मॅडम,” तो म्हणाला.

येथे मला थांबावे लागले, आणि हा प्रश्न घेऊन येणाऱ्या इतरांनीही थांबावे असे वाटते. अपराधाच्या भावनेतून निवडलेला व्यवसाय माणूस वर्ष-दोन वर्षे त्वेषाने करतो. त्यानंतर प्रत्येक निष्काळजी कारखानदार त्याला स्वतःचा शत्रू वाटू लागतो आणि त्याच्याकडून चांगला सल्ला निघत नाही. म्हणून पुढच्या तीन भेटींत आम्ही कोर्सविषयी अवाक्षर काढले नाही. त्या रात्री कोणते निर्णय त्याच्या हातात होते, कोणते नव्हते, आणि बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वीचा वर्क परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, व हवेची चाचणी यांची जबाबदारी कोणाकडे होती, हे त्याने कागदावर मांडले. मांडल्यावर त्याची झोप सुधारली, एवढे तो स्वतःहून म्हणाला.

मगच आम्ही पोटापाण्याकडे वळलो. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि धोक्यांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. १९४८ च्या त्या अधिनियमात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सर्वसाधारण मर्यादा १००० कामगारांची होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यासाठी २५० वर आणली आहे. म्हणजे नोकरीचे क्षेत्र रुंदावते. पण खानदेशात कारखाने कोणते आहेत, हेही पाहायला हवे. जळगावच्या डाळ मिल आणि चटईचे कारखाने, अमोनियावर चालणारी शीतगृहे, नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतील क्लोरीनची सिलिंडरे, यांपैकी बहुतेक ठिकाणी माणसे अडीचशेहून कितीतरी कमी असतात. त्यांना पूर्णवेळ अधिकारी नेमावा लागत नाही, म्हणून बाहेरच्या सल्लागाराची गरज खरे तर त्यांनाच सर्वांत जास्त असते, आणि नेमकी त्यांचीच पैसे मोजण्याची तयारी नसते. कन्सल्टंट कागद विकतो ही निंदा येथून जन्मते, कारण मालकाला निरीक्षकापुढे ठेवायला कागदच हवा असतो. ती निंदा अगदी खोटी आहे, असे मी त्याला सांगितले नाही.

म्हणून माझा सल्ला असा होता की, पदविका पूर्ण करून आधी नोकरीच धरावी, किमान तीन वर्षे, आणि सल्लागाराची पाटी तोपर्यंत लावू नये. दरम्यान प्रशिक्षणाचा हात बसवायला दुसरी वाट आहे. धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांना १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर या महामार्गावर टँकरची रीघ असतेच, आणि अशा मान्यताप्राप्त वर्गांना रसायने हाताळलेला प्रशिक्षक हवा असतो.

तो तयार झाला, तेव्हा मी त्याला आमच्या कार्यालयातील शिपायाला हायड्रोजन सल्फाइड समजावून सांगायला बसवले. शिपाई पारोळ्याकडचे आहेत. पहिली पाच मिनिटे ‘एक्स्पोजर लिमिट’ (हवेतील वायूची मर्यादा) आणि ‘पीपीई’ (अंगावरची संरक्षक साधने) अशा शब्दांत गेली आणि ऐकणारे नम्रपणे मान डोलावत राहिले. मी त्याला घरी बोलतो तसे बोलायला सांगितले. तो क्षणभर संकोचला आणि अहिराणीत म्हणाला, “भाऊ, वास येत नही म्हनीसन गॅस नही शे, आसं समजू नको.” शिपाई एकदम पुढे सरकले आणि त्यांनी विचारले की, मग वास येईनासा झाला तर करायचे काय? आधीच्या पाच मिनिटांत त्यांना एकही प्रश्न पडला नव्हता.

आता तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे आणि रविवारी चालकांचे वर्ग घेतो. मध्यंतरी ओळखीतल्या एका छोट्या कारखानदाराने त्याला मागील तारखेच्या प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर प्रशिक्षक म्हणून सही मागितली. मोबदलाही बरा होता. त्याने नकार दिला आणि त्या ओळखीतून पुढे मिळू शकणारी आणखी दोन कामे गेली. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज उदास होता, आणि त्याची भरपाई दुसरीकडून होईल, असे आश्वासन माझ्याजवळ नव्हते. मी त्याला एवढेच विचारले की, तुमच्या वर्गातल्या सह्या तुम्ही कधी घेता? तो म्हणाला, “शेवटी, मॅडम. आधी प्रत्येकाकडून टँकरवरच्या खुणेचा अर्थ त्याच्या बोलीत म्हणवून घेतो. परवा एकाला तीनदा जमले नाही, तर सगळ्यांचे जेवण अर्धा तास उशिरा झाले.”