एकच ‘पासून’, इंग्लिशमध्ये शब्द दोन

प्रश्न : ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहतो, महापेला एका कंपनीत आहे, शिक्षण सगळं मराठी मीडियमचं. परवा सरांना मेल टाकला, ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स अँड आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२१ अँड आय वॉन्ट टू डिस्कस अबाऊट माय प्रमोशन’. त्यांचं उत्तर आलं, ‘आधी इंग्लिश सुधार’, बस. नक्की चुकलं काय तेच कळेना.

उत्तर : अरे, काय चुकलं ते त्यांनी सांगायला हवं होतं, नुसतं सुधार म्हणून कोण कसं सुधारणार. शब्द तुझे बरोबर आहेत, वाक्य मात्र मराठीत जुळलं आणि तसंच्या तसं इंग्लिशमध्ये उतरलं. नौपाड्यात माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पण इथेच अडकतात. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘साडेआठपासून ट्रेनची वाट बघतोय’ आणि ‘अर्ध्या तासापासून वाट बघतोय’. इंग्लिशमध्ये कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती वेळ झाला ते सांगायचं तर फॉर, म्हणजे सिन्स एट थर्टी पण फॉर हाफ अ‍ॅन अवर. शिवाय आपण ‘बघतोय’, ‘करतोय’ म्हणतो म्हणून हात आपोआप अ‍ॅम वर्किंग लिहितो, पण आधी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम आणि त्याचा काळ सांगायचा असेल तर हॅव बीन वर्किंग लागतं. तुझं वाक्य होईल ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’.

डिप्लोमाचं सोपंय, होऊन गेलेलं साल सांगितलंस की हॅव काढायचं, ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२१’. साल नसेल तर हॅव राहू दे. डिस्कसमध्ये ‘बद्दल’ आलेलंच असतं म्हणून अबाऊट नको, पण डिस्कशन लिहिलंस तर हवं, आणि मला वाटतं मुलांचा घोळ तिथूनच होतो.

आणि वॉन्टच्या जागी वुड लाइक लिही, ‘आय वुड लाइक टू डिस्कस माय प्रमोशन’, कारण वॉन्ट म्हणजे ‘मला पाहिजे’, वरिष्ठांना ते जरा टोचतं. मधले दोन्ही अँड काढ, तीन वेगळी वाक्यं कर, प्रमोशनचं सगळ्यात वर घे कारण मेल त्यासाठीच आहे. मग एकदा मोठ्याने वाचून परत पाठव.