हरण्या पावसाबरोबर येतो का?

प्रश्न : यावल तालुक्यात आमची तीन एकर केळी आहे. मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) जुलैअखेर पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले आणि पंधरा दिवसांत बरीच झाडे उपटावी लागली. दोनदा फवारणी करूनही रोग थांबला नाही. हा हवामान बदलाचा परिणाम समजावा काय?

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे कुकुंबर मोझॅक विषाणूची, म्हणजेच हरण्या रोगाची दिसतात. एका हंगामाचे नुकसान थेट हवामान बदलाच्या खात्यावर टाकता येत नाही. तरी हवामानाशी या रोगाचे नाते घट्ट आहे.

विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. रोगट काकडीच्या किंवा तणाच्या पानात सोंड खुपसताच अवघ्या काही सेकंदांत मावा तो उचलतो आणि केळीच्या कोवळ्या पानावर बसताच तितक्याच झटपट सोडतो. औषधाने मावा मरतो खरा, पण त्याआधी त्याचे काम उरकलेले असते. आपली फवारणी फसली ती बहुधा यामुळेच.

जोरदार पावसात मावा धुऊन जातो, तर मधल्या उघडिपीत भराभर वाढतो. भारतात १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड वाढल्याची नोंद आहे, आणि असे खंड माव्याच्या पथ्यावर पडतात. मात्र ‘उष्णता वाढली की रोग वाढतो’ हे समीकरण येथे लागू पडत नाही. खानदेशातील मे महिन्याच्या उन्हात मावा टिकत नाही, शिवाय कडक उन्हात बाधित झाडाची लक्षणेही दबून राहतात. पारा २४ अंशांच्या आसपास उतरला आणि आभाळ ढगाळ झाले की तीच लक्षणे ठळक होतात. त्यामुळे पावसासोबत आलेला वाटणारा रोग काही झाडांत, कदाचित रोपांबरोबरच, आधीपासून दडलेला असू शकतो. याउलट सोयाबीनवरील पिवळा मोझॅक पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला उबदार हवा मानवते. तेथे वाढत्या तापमानाचा धोका अधिक सरळ आहे.

पुढील लागवडीला विषाणू तपासणी झालेली ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपे घ्यावीत. बागेत व बांधालगत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नये आणि तण वाढू देऊ नये. पहिला पट्टा दिसताच ते झाड कंदासह काढून बागेबाहेर खोल पुरावे. उपटलेली झाडे बांधावर टाकण्याची सवय मात्र मोडायला हवी, कारण ती सुकेपर्यंत मावा त्यांच्यावरून शेजारच्या बागेत जातो. माव्यासाठीची फवारणी शिवारातील सर्वांनी एकाच वेळी करावी.