विनियम की विनिमय?

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कंपनीत कायदा विभाग सांभाळणाऱ्या वकीलबाईंचा प्रश्न आहे. सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था), रिझर्व्ह बँक, कंपनी व्यवहार मंत्रालय यांच्याकडून महिनाभरात जे काही नवं आलं, त्याचं टिपण त्या संचालकांना पाठवतात. दोघा ज्येष्ठ संचालकांना मराठी अधिक सोयीची, म्हणून सोबत दोन पानी मराठी सार जोडतात. त्यात त्यांनी ‘सेबीचे विनियम’, म्हणजे रेग्युलेशन्स, असं लिहिलं होतं. एका संचालकांनी लाल शाईने ते ‘विनिमय’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘शुद्धलेखन पाहावे.’ बाई विचारतात, बरोबर कोण? आणि एवढा घोळ होणारच असेल, तर सरळ ‘नियम’ लिहिलं म्हणून काय बिघडतं?

बाई, बरोबर तुम्हीच. पण संचालकांना हसू नका. पणजीच्या एका दैनिकात मी मुद्रितं तपासायचो, तेव्हा ‘बँकिंग विनिमय कायद्यात दुरुस्ती’ असा चार कॉलमी मथळा माझ्या हातून सहीसलामत सुटला होता. सकाळी नऊच्या आत एका निवृत्त बँक मॅनेजरांचा फोन. ‘काय हो, कायद्याची अदलाबदल कधी झाली?’

ही चूक बोटांची नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर म डावीकडे आणि य पार उजव्या टोकाला, एकाऐवजी दुसरं दाबलं जाणं कठीण. चूक जिभेची आहे. शेजारशेजारच्या अक्षरांनी जागा बदलायची खोड आपल्या बोलण्यात जुनीच. नुकसानाचं ‘नुस्कान’ होतं तसं विनियमाचं विनिमय होतं. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. नुस्कान लिहिलं तर कुणीही पकडेल, इथे मात्र दोन्ही शब्द खरे, त्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासनीसही मुकाट पुढे जातो.

दोन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत. विनियम यम् धातूचा. यम् म्हणजे आवरणं, लगाम खेचणं. संयम, नियम, नियामक ही सगळी त्याच घरची मंडळी. विनिमयात मे हा वेगळाच धातू आहे आणि त्याचा अर्थ अदलाबदल करणं. कालिदासाने रघुवंशात दिलीप राजा आणि इंद्र यांच्या देवघेवीला ‘संपद्विनिमय’ म्हटलं आहे. राजाने यज्ञासाठी पृथ्वीची धार काढायची, इंद्राने पिकासाठी आकाशाची. वस्तुविनिमय, विचारविनिमय, परकीय चलनाचा विनिमय, हुंडीसारखं विनिमयपत्र, सगळीकडे हीच देवघेव.

मग संचालकांचा पाय घसरला कुठे? माझा अंदाज, सेबीच्या नावावरून. सेबीचं हिंदी नाव ‘भारतीय प्रतिभूति और विनिमय बोर्ड’. मराठीतही ‘भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ’ असं लिहितात. इथलं विनिमय म्हणजे एक्स्चेंज, आणि ते अगदी बरोबर आहे. म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठीच्या २०१५ च्या लिस्टिंग रेग्युलेशन्सचं पूर्ण नाव मराठीत लिहायला घेतलं, तर सुरुवातीला ‘विनिमय मंडळ’ येणार आणि शेवटी ‘विनियम, २०१५’. एकाच शीर्षकात दोघे. वरचा शब्द वाचून खालचा दुरुस्त करावा असं कुणालाही वाटेल. (प्रतिभूतीला आपण रोखे म्हणत होतो, तो शब्द जास्त चांगला होता. असो.)

ओळखायची एक युक्ती मी वापरतो. शब्दापाठोपाठ आकडा किंवा साल आलं, तर विनियम: विनियम ३०, विनियम २०१५. शब्दाच्या आधी वस्तू, विचार, चलन यांपैकी काही असलं, तर विनिमय. शिवाय विनियमाचं अनेकवचन सतत लागतं, ‘विनियमांनुसार’, ‘विनियमांत’. ‘विनिमयांनुसार’ असं तुम्ही कधी ऐकलंय?

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि वकिलाच्या दृष्टीने हाच जास्त वजनाचा. ‘नियम’ म्हटलं तर बिघडतं, कारण कायद्याच्या मराठीत नियम म्हणजे रूल आणि विनियम म्हणजे रेग्युलेशन. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ शब्दात काय काय येतं त्याची यादी आहे. तिथे हे दोन्ही वेगवेगळे मोजले आहेत. सेबी अधिनियम, १९९२ मध्ये कलम २९ खाली केंद्र सरकार नियम करतं आणि कलम ३० खाली स्वतः सेबी विनियम करते. कंपनी अधिनियम, २०१३ खाली तुमच्या टेबलावर येतात ते केंद्र सरकारचे नियम. म्हणजे नुसत्या शब्दावरून कळतं की हा कागद दिल्लीच्या मंत्रालयातून आला की मुंबईच्या नियामकाकडून. खुलासा कुणाकडे मागायचा, पुढची दुरुस्ती कुणाच्या संकेतस्थळावर शोधायची, हेही त्यावरूनच.

फेमाचं, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचं, उदाहरण तर यासाठीच घडवल्यासारखं आहे. परदेशी गुंतवणुकीच्या तरतुदी ऑक्टोबर २०१९ पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या विनियमांत होत्या. मग अधिकारांची वाटणी बदलली. भागभांडवलासारखी कर्जेतर साधनं केंद्र सरकारकडे गेली आणि १७ ऑक्टोबर २०१९ ला त्यांचे ‘नियम’ निघाले. कर्जाची साधनं रिझर्व्ह बँकेकडेच राहिली, म्हणून त्यांचे त्याच दिवशी निघाले ते ‘विनियम’. तुमच्या टिपणात दोन्हीकडे ‘नियम’ असता, तर संचालकांना या घडामोडीतलं मुख्य तेच दिसलं नसतं. आणि हे सगळं परकीय चलनाच्या विनिमयाबद्दल! एका वाक्यात तिन्ही शब्द आले की आधी कॉफीचा कप बाजूला ठेवून मगच लिहावं.

रिझर्व्ह बँकेचा तिसरा शब्द आहे, डायरेक्शन्स. त्याला ‘निदेश’ म्हणा. निर्देश आणि निदेश यांची बोलण्यात सरमिसळ होते, पण संविधानाच्या मराठीत ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’ आहेत, निर्देशक नव्हेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नऊ हजारांहून जास्त जुनी परिपत्रकं मोडीत काढून २४४ एकत्रित निदेश काढले. त्यामुळे ‘परिपत्रक क्रमांक अमुक’ असा हवाला देणारी जुनी टिपणं एकदा चाळून घ्या. नुसतं ‘परिपत्रक’ खोडून ‘निदेश’ लिहू नका, कलमही ताडून पाहा.

गोव्यात या शब्दाला आणखी एक पदर आहे. आमच्याकडे ‘रेग्युलेशन’ म्हटलं की सेबी नाही, देवस्थान आठवतं. १९३३ चं पोर्तुगीज ‘रेग्युलामेंत’ आजही देवळांच्या महाजनांना (देवस्थानांच्या हक्कदार सदस्यांना) लागू आहे, आणि महाजन सभेत ‘रेग्युलेशनात काय म्हटलंय?’ असं विचारणारा एक जण असतोच. ते कुठल्या नियामकाने केलेलं नाही, तो सरळ कायदाच. तसाच मुक्तीनंतरचा प्रकार. गोवा केंद्रशासित होता तेव्हा अनुच्छेद २४० खाली राष्ट्रपतींनी इथल्यासाठी ‘विनियम’ काढले. भारतातले अनेक कायदे १९६२ मध्ये गोव्याला लागू झाले ते अशाच विनियमाने, आणि गोवा, दमण व दीवमधल्या बँकांच्या पुनर्रचनेचाही त्याच साली विनियम निघाला. या विनियमांचं बळ संसदेच्या अधिनियमाइतकं. तेव्हा ‘विनियम म्हणजे दुय्यम’ असं टिपणात सरसकट लिहू नका. सेबीपुरतं ते खरं आहे, अनुच्छेद २४० खाली नाही.

त्याच वर्षी घरोघरच्या पेट्यांतले एस्कुद, म्हणजे पोर्तुगीज अमलातलं चलन, बाहेर आले आणि सहा एस्कुदांना एक रुपया या दराने बदलून घेतले गेले. माझे आजोबा तो हिशेब म्हापशाच्या दुकानातल्या वहीत मांडायचे. डावीकडे एस्कुद, उजवीकडे रुपये, आणि वर मथळा ‘विनिमय’. शुद्ध. त्यांना य आणि म कुणी शिकवावे लागले नाहीत.

अनुपालन, अधिसूचना यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही. संचालकांना शेऱ्याचं उत्तर द्यायचंच असेल, तर तुमच्या टिपणातलं हे वाक्य असं करून परत पाठवा: ‘भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाच्या २०१५ च्या विनियमांतील विनियम ३० नुसार, संचालक मंडळाच्या बैठकीतले जाहीर करण्याजोगे निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत शेअर बाजाराला कळवावे लागतात. बैठक बाजाराची वेळ संपल्यावर आटोपली, तर डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनुसार साधारणपणे ३ तास मिळतात.’ दोन्ही शब्द एका ओळीत आहेत. लाल पेन पुन्हा उघडलं, तर मला कळवा.