नाव विद्यापीठाचं, नेमणूक कोर्सापुरती

प्रश्न : माझी मुलगी इटलीत रेनेसाँ कलेवर पीएच.डी. करते आहे. शेवटचं वर्ष आहे. फ्लॉरेन्समधल्या एका अमेरिकन विद्यापीठाच्या स्टडी सेंटरने तिला एका सेमिस्टरसाठी एक कोर्स शिकवायला बोलावलं आहे. तिचे गाइड म्हणतात, आधी थीसिस संपव. यातून पुढे कायमची नोकरी मिळेल का? – एक आई

उत्तर : गाइड काही चुकीचं सांगत नाहीत. तरी मी म्हणेन, तिने तो कोर्स घ्यावा. एकच घ्यावा. कायमच्या नोकरीची आशा मात्र या दाराशी धरू नका.

अमेरिकन विद्यार्थी पदवी आपल्याच विद्यापीठाची घेतात, फक्त एखादं सेमिस्टर परदेशात काढतात. १९२३ मध्ये डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, तेव्हापासूनची ही रीत. स्टडी सेंटर असतं ते अशाच विद्यार्थ्यांसाठी. फ्लॉरेन्समध्ये सिरॅक्यूज विद्यापीठ १९५९ पासून आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला तर लेखक हॅरल्ड अ‍ॅक्टन यांनी मृत्युपत्राने अख्खा व्हिला ला पिएत्रा दिला, बागांसकट. अशा वास्तूत शिकवायचं म्हटल्यावर कोणीही हुरळून जाईल.

पण शिकवणारे दोन तऱ्हांचे असतात. काही जण मूळ कॅम्पसवरून सेमिस्टर-दोन सेमिस्टरसाठी येतात. त्यांची नोकरी, बढती, सगळं तिकडे शाबूत असतं. बाकीचे तिथेच राहणारे, कोर्सागणिक नेमलेले. तुमची मुलगी या दुसऱ्या गटातली. यात वर्षानुवर्षं उत्तम शिकवणारे लोक आहेत, आणि तरीही दर सेमिस्टरला नवा करार. मूळ कॅम्पसवर जागा निघाली तर त्यांना इतरांसारखाच अर्ज करावा लागतो. पुरेशा मुलांनी नाव नोंदवलं नाही, तर कोर्सच रद्द होतो. २०२० च्या फेब्रुवारीअखेर करोना इटलीत पसरला, तेव्हा अनेक सेंटरांनी मुलांना सेमिस्टरच्या मध्येच घरी पाठवलं होतं.

म्हणून नेमणुकीच्या पत्रावर सही कोणाची आहे, ते आधी बघायला सांगा. मूळ विद्यापीठाची की इटलीत नोंदवलेल्या संस्थेची? कोर्स रद्द झाला तर तयारीचे काही पैसे मिळणार का, आणि रद्द करायची शेवटची तारीख कोणती? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्यांना मुरलेली माणसं हवी असतात, त्यांना असे प्रश्न आवडतात.

दुसरी गोष्ट परवान्याची. ती विद्यार्थी परवान्यावर असेल, तर इटलीत आठवड्याला २० तास आणि वर्षाला १,०४० तासांपर्यंत नोकरी करता येते. एका कोर्साला तेवढं पुरतं. पण सेंटरने 'पार्तिता इव्हा काढा', म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंद करून बिल द्या, असं सांगितलं तर तिथे थांबावं. ही तासांची सवलत नोकरीसाठी आहे. स्वतंत्र व्यवसायाला हाच परवाना चालतो का, हे स्थलांतराची कामं करणाऱ्या सल्लागाराकडून लेखी घ्यावं आणि मगच सही करावी.

आता कामाबद्दल. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे वर्गातले साधारण ४५ तास, पण खरा वेळ जातो तो वर्गाबाहेर. अभ्यासक्रम मूळ विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. वेळापत्रकात तिला सोमवार मिळाला, तर उफ्फिझी संग्रहालय बंद आणि अकादेमिया संग्रहालयही बंद! ब्रांकाची चॅपलमध्ये रेनेसाँ चित्रकार मासाच्चोची भित्तिचित्रं दाखवायची तर गटाची वेळ आधी राखून ठेवावी लागते, आणि मिळालेल्या मोजक्या मिनिटांत बोलणं आटपावं लागतं. समोर बसलेल्यांपैकी निम्मे कॉमर्स नाही तर इंजिनिअरिंगचे असू शकतात. त्यांना भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावरच का रंगवत, हे भिंतीसमोर उभं राहून पटवून देणं ही मोठी तालीम आहे. मला विचाराल तर कोर्स घ्यावा तो याचसाठी.

सेमिस्टरअखेर तिच्या हाती स्वतः आखलेला अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि इंग्रजीतून शिकवल्याचा पुरावा असेल. पुढे कुठल्याही देशात अर्ज करताना हे तिन्ही कामाला येतात. सेंटरच्या संचालकांना एकदा वर्गात बसायला बोलवावं, म्हणजे शिफारसपत्र नुसतं कौतुकाचं राहणार नाही.

गाइडशी आत्ताच बोलून थीसिसच्या उरलेल्या प्रकरणांच्या तारखा ठरवाव्यात आणि त्या बघूनच सेंटरला होकार कळवावा. पुढच्या सेमिस्टरला दोन कोर्स देऊ केले, तर थीसिस जमा होईपर्यंत नाही म्हणावं.