उन्हात चालायला निघताना शर्ट कोणता?

पांढरा पातळ सुती टी-शर्ट गार वाटतो, पण त्याचा यूपीएफ, म्हणजे कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप, साधारण ५ ते ७ भरतो. घामाने भिजला की आणखी उतरतो. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा फक्त पन्नासावा भाग, २ टक्के, आत येतो. लेबल नसेल तर कापड खिडकीशी धरून बघा. उजेड झिरपत असेल तर ते उन्हासाठी नको. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. पॉलिस्टर सुतीपेक्षा सरस. मापाने सैलच हवा, कारण अंगाला ताणला की विणीची भोकं उघडतात. नवं सुती कापड दोन-चारदा धुतल्यावर आटतं, संरक्षण उलट वाढतं. मान, कान मात्र उघडेच राहतात, तिथे सनस्क्रीन लावा.