चाळीस हजारांची स्पीकर केबल लावली तर आवाज खरंच सुधारतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात १० बाय १२ ची खोली, बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर, दोन बुकशेल्फ स्पीकर, आणि दुकानदार ४० हजारांची केबल गळ्यात मारतोय. "२०० तास वाजू द्या, मग बघा आवाज कसा खुलतो" असं वर सांगतोय. घ्यावी का? आणि केबलवर छापलेल्या बाणाचं काय?

घेऊ नका. मी सांगलीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करतो. हौशी लोकांच्या भारीतल्या भारी केबल माझ्या टेबलावर येऊन गेल्यात, आणि मीटर लावून बघायची खोड मला पहिल्यापासून आहे.

स्पीकरच्या तारेकडून मागणी एकच, तिनं वाटेत काही खाऊ नये. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरमागे साधारण ८ मिलिओहम रोध, म्हणजे करंटला अडथळा, देते. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर ३ मीटरवर धरला तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे सगळा मिळून ०.०५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढं ह्यानं आवाज ०.०५ डेसिबलनं कमी होतो. हे कुणाच्या कानाला कळत नाही. अशी दुपदरी तार दोन्ही स्पीकरना मिळून हजाराच्या आत येते.

"पण ही चांदीची आहे." चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के जास्त चांगली वाहक आहे. तांब्याची तार किंचित जाड घेतली की हिशेब फिटला. "वरच्या सुरांचा करंट तारेच्या कातडीवरून जातो," हेही ऐकवतील. ते खोटं नाही, पण २० हजार हर्ट्झला, म्हणजे कानाला पोचणाऱ्या सगळ्यात वरच्या सुरालासुद्धा, करंट तांब्यात वरून सुमारे अर्धा मिलिमीटर आतपर्यंत जातो. घरातल्या तारेच्या जाडीला त्याचा म्हणण्यासारखा त्रास होत नाही.

मग इतक्या लोकांना फरक ऐकू येतो तो काय खोटा? नाही, ऐकू येतो. कशामुळं येतो, एवढाच प्रश्न आहे.

मिरजेत ओळखीच्या एका डॉक्टरांकडे अधूनमधून ऐकायची बैठक असते. एकदा त्यांनी नवी केबल आणली, मनगटाएवढी जाड, वर काळी विणलेली जाळी. ख्याल लावला. बाई गात होत्या, मागं तानपुरा. पाचच मिनिटांत "गाणं खोलीभर पसरलं", "पडदा बाजूला झाला" असं सुरू झालं. कोपऱ्यात सतारमेकर गल्लीतले एक कारागीर बसले होते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते ह्याच लोकांच्या हातांमुळं. जवारी, म्हणजे तारेची झणकार, लावताना घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढं, केसभर मागं सरकवत सूर कुठं उघडतो हे पकडायचं, हेच त्यांचं रोजचं काम. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "गाणं झकास आहे. पण बाई बसल्यात कुठं? आणि डग्गा कुणी पळवला?"

मी टॉर्च घेऊन स्पीकरच्या मागं गेलो. जाळीच्या आतून निघणाऱ्या दोन्ही तारा काळ्या, अधिकची खूण नखाएवढी आणि फिकट. डाव्या स्पीकरला अधिक-उणे उलट जोडलेलं. असं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो. खर्जाचे सूर एकमेकांना मारतात, आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा राहायला हवा तो गळा खोलीभर विरतो. जमलेल्यांनी वाखाणलेला "पसारा" हाच. तारा सरळ केल्या, बाई मधे येऊन बसल्या, डग्गा परत आला. नंतर डॉक्टरांची जुनी तार तशीच नीट जोडून लावली. कारागीर म्हणाले, "हे तेच की!" डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत, चहा मात्र पुन्हा टाकायला सांगितला.

तेव्हा नवी केबल लावल्यावर "एकदम मोठा बदल" ऐकू आला तर आधी स्पीकरच्या मागं बघा. बऱ्याचदा जोडणी बदललेली असते, नाहीतर आवाज किंचित चढलेला असतो. आवाज थोडासा मोठा असला की तो मोठा न वाटता "छान" वाटतो, आणि ह्या एका गोष्टीवर कितीतरी केबल विकल्या गेल्यात.

अमेरिकेत मॉन्स्टर केबल ही कंपनी १९७९ मध्ये सुरू झाली, आणि जाड, महाग तारांचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून फोफावला. १९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं कोणती तार लावलीय हे न सांगता लोकांना ऐकवून बघितलं. २४ गेजची अगदी बारीक तार (गेजचा आकडा वाढला की तार बारीक) ओळखता आली, पण गाणं ऐकताना साधी १६ गेजची तार आणि मॉन्स्टर ह्यांत फरक सांगता आला नाही. बारीक तार ओळखू येणारच. तीच ३ मीटरवर लावली तर रोध अर्ध्या ओहमपर्यंत जातो, आणि स्पीकरचा स्वतःचा रोध सुरागणिक बदलत असल्यानं कुठला सूर जास्त, कुठला कमी दबतो.

म्हणजे तारेनं फरक पडतो अशा जागा आहेत, फक्त त्या दुकानदार दाखवतो तिथं नाहीत.

पहिली जागा, बनावट तांबं. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी तार सर्रास मिळते. उचलली की हलकी लागते. तारेतला केसासारखा एक धागा सोडवून ब्लेडनं खरवडा, आत पांढरं चकाकलं तर परत करा. तेवढ्याच जाडीत तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या पुढं जातो, आणि स्क्रूखाली दाबलेली असली तर काही दिवसांनी ढिली पडते.

दुसरी, सांधे. २०१९ च्या पुरानंतर पाणी शिरलेल्या घरांतले स्पीकर माझ्याकडे आले, त्यांच्या टर्मिनलवर हिरवा थर धरलेला. पूर नसला तरी दमट हवेत उघडं तांबं काळं पडतंच. टोक अर्धा इंच कापून नवं सोलायचं, पीळ घट्ट द्यायचा, स्क्रू आवळायचा. आरसीए पिना, म्हणजे प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरला जोडणाऱ्या तारेच्या गोल पिना, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायच्या. फुकटातलं काम आहे, आणि कुरकुर करणारा, मधेच एका बाजूनं गप्प होणारा स्टिरिओ बऱ्याचदा एवढ्यानंच बरा होतो.

तिसरी जागा रेकॉर्ड प्लेअर. तुमच्याकडे असेल तर इथं केबल खरोखर बोलते. मूव्हिंग मॅग्नेट काडतुसाला (सुई बसवलेला, तिच्या थरथरीतून वीज करणारा भाग) अ‍ॅम्प्लिफायरकडच्या ४७ किलोओहमच्या जोडीनं ठरावीक कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, लागतो. तो पिकोफॅरडमध्ये मोजतात, आणि केबलचे मीटरमागे १०० च्या आसपास त्यात मिळतात. लांब केबल लावली की वरचे सूर आधी टोचतात, मग बसतात. इथं लागते ती छोटी आणि कमी कपॅसिटन्सची केबल, महाग नव्हे.

आणि गुरगुर. ५० हर्ट्झची घुंघुं येत असेल तर केबल बदलत बसू नका, अर्थिंग बघा. आपल्याकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि अर्थचा रोध चढतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. टीव्हीच्या केबलवाल्याची तार स्टिरिओला जोडलेली असेल तर ती काढून बघा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. काही जण प्लगची अर्थची पिनच कापून टाकतात. गुरगुर जाते, पण उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जाईल. ते करू नका.

४० हजार खर्चायचेच असतील तर खोलीवर खर्चा. १० फुटांच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपास, १२ फुटांत ४७ च्या आसपास खर्ज घुमतो. एक सूर भोपळ्यातून आल्यासारखा फुगतो, शेजारचा गायब. फरशी उघडी असेल तर जाड सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट, आणि स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढं. ह्यानं जो फरक पडतो तो शेजाऱ्यालाही कळतो.

तरीही मन मानत नसेल तर केबल घरी आणून वापरायला मागा. दोन्ही केबलवर स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखं आहे ना बघा. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून केबल बदलायला बसवा, तुम्ही पाठ फिरवून सांगा कोणती. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं तर मानू, कारण नुसत्या अंदाजानं तेवढं जमायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे. २०० तासांची अट मात्र मान्य करू नका. तेवढ्यात कान सरावतो आणि परत करायची मुदत संपते.

राहिला बाण. स्पीकरच्या तारेतला करंट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळं तिथं बाण शोभेचा. काही आरसीए केबलमध्ये बाहेरची गुरगुर अडवणारी धातूची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, ते टोक प्लेअरकडे ठेवायचं एवढंच बाण सांगतो.